मोमेंटोचं दुकान, राजवाडा, इंदूर: काम छान, पण ळ स्वतः तपासा

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो अर्धा ळ साठी आणि अर्धा उशिरासाठी, दोन्ही पुढे सांगते. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण चुका पण लिहिणारे आणि माणूस चांगला आहे, उगाच त्याच्या धंद्यावर कशाला. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमधे अशी ट्रॉफी-मेडलवाली दुकानं आहेतच, हे त्यातलं एक, वरच्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर आपण खाली थांबायचं. गुडघे दुखत असतील तर खालूनच आवाज द्या, पोरगा सॅम्पल घेऊन खाली येतो.

तर झालं असं की आमच्या कॉलनीच्या मंडळाचा गणपतीतला सत्काराचा कार्यक्रम. दरवर्षी ठरलेलं असतं, एक प्रमुख पाहुणे, एक ज्यांनी मांडवाचे पैसे दिले ते, आणि दहावी-बारावीची दहा-बारा मुलं, शाल श्रीफळ मोमेंटो, फोटो, मसाले दूध, घरी. यंदा मीटिंगमधे आमच्यातल्या एका पोराने विषय काढला की आपण खऱ्या हिरोंचा सत्कार करू. आता हा शब्द एकदा मीटिंगमधे पडला की तो उचलायला सगळेच धावतात. अध्यक्ष काका लगेच इंदूरचे हिरो मोजायला लागले, लताबाई इथल्या, शीख मोहल्ल्यात जन्म, कर्नल सी. के. नायडू होळकरांकडून खेळले, १९३२ ला देशाचे पहिले टेस्ट कॅप्टन, होळकरांच्या टीमने चार वेळा रणजी जिंकली, राहुल द्रविडचा जन्म पण इथलाच, १९७३ चा. पोरगा म्हणाला काका यातलं कोण येणारे आपल्या मांडवात, मी आपल्या गल्लीतल्या लोकांबद्दल बोलतोय.

मग चार नावं निघाली. नावं म्हणजे, खरं सांगायचं तर नावं नाहीच निघाली. आपली झाडूवाली ताई, तो रिंग रोडवर अपघात झालेल्या मुलाला दवाखान्यात नेणारा ऑटोवाला, पावसात रात्री खांबावर चढणारा लाईनमन, आणि मुक्तिधामातला तो लाकडं रचणारा. रजिस्टरमधे मी हे असंच लिहिलं आणि खाली सह्या पण झाल्या, कोणालाच काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. अध्यक्ष काकांचं म्हणणं, ऑटोवाल्याचं ठीक आहे, पण बाकीचे पगार घेतात, पगार घेऊन आपलं काम केलं त्यात हिरोगिरी कसली. आमच्या खजिनदार वहिनी म्हणाल्या मग तुमचे क्रिकेटर काय फुकट खेळतात? काका म्हणाले द्रविडचं नाव घेऊ नका हां. त्यावर मीच त्यांना सांगितलं की त्याचंच नाव घ्यायला पाहिजे, २०१७ ला बंगलोर युनिव्हर्सिटी त्याला मानद डॉक्टरेट देत होती तर तो नको म्हणाला, मिळवायचीच असेल तर खेळाच्या विषयात अभ्यास करून मिळवीन म्हणाला. आणि २०१८ ला अंडर नाईन्टीन वर्ल्डकप जिंकल्यावर बोर्डाने कोच म्हणून त्याला पन्नास लाख आणि बाकी सपोर्ट स्टाफला वीस वीस लाख जाहीर केले होते, त्याने सांगितलं की सगळ्यांनी सारखंच काम केलंय, मग सगळ्यांना पंचवीस पंचवीस झाले. काकांना हे माहीत होतं, पण आपल्या बाजूने माहीत होतं.

मुक्तिधामवाल्या दादांवर एक आजी अडल्या, गणपतीच्या मांडवात स्मशानातला माणूस कशाला, शुभ कार्य आहे. त्यावर दुसऱ्या आजी, ज्या एरवी मीटिंगमधे फक्त चहा आला का एवढंच विचारतात, त्या म्हणाल्या अगं आपलं दोघींचं शेवटचं काम तोच करणारे, आधी ओळख झालेली काय वाईट. तो विषय तिथेच संपला.

तर मला ऑर्डर द्यायला पाठवलं. आता दुकान.

दुकानात रेट लिस्ट नाही, रॅक आहे, रॅक हीच रेट लिस्ट. सगळ्यात वर काचेचे क्रिस्टलवाले आणि लाकडी बेसवर पितळी काम असलेले, डोळ्यासमोर येईल तिथे दहा-बारा इंची अ‍ॅक्रेलिकचे, खाली सोनेरी प्लॅस्टिकचे कप पोत्यात. मालक (साठीचे असतील, चष्मा दोरीला) पहिलं काय विचारतात माहितीये? सत्कार कोणाचा हे नाही विचारत. "चीफ गेस्ट कितने हैं?" हे विचारतात. त्यावरून बाकी सगळं ठरतं, गेस्टवाला मोठा, सन्मानवाला मधला, बच्चोंवाला छोटा. मी पण आधी तसंच सांगितलं, सवयीने. दोन मोठे अकराशेवाले, चार मधले साडेचारशेवाले, बारा कप. त्यांनी कॅल्क्युलेटरवर मारलं आणि मला दाखवलं, आणि तो आकडा बघताना माझ्या डोक्यात आलं की जो माणूस वीस मिनिटं बसून दुसऱ्या कार्यक्रमाला जाणार त्याला बारा इंच आणि जी बाई वर्षभर आमची गल्ली झाडते तिला आठ इंच. म्हटलं उलटं करा, मोठे चार आणि गेस्टचे छोटे. मालक चष्म्यावरून बघायला लागले, "दीदी, ऐसा कोई नहीं करता, गेस्ट बुरा मान जाएगा." तिथूनच अध्यक्षांना फोन लावला, ते नाही म्हणाले, मग वहिनींना लावला, त्या म्हणाल्या द्रविडवाला हिशोब करा, सगळ्यांना सारखं. तर सहाही दहा इंची, सातशेचे. मालकांनी घासाघीस न करता साडेसहाशे केले, हे मला आवडलं, मागावं लागलं नाही.

क्वालिटीबद्दल, कारण रिव्ह्यू त्यासाठीच वाचतात लोक. यात दोन प्रकार असतात आणि दुकानदार स्वतःहून फरक सांगत नाहीत, यांनी सांगितला. एक म्हणजे पातळ मेटलच्या प्लेटवर रंगीत छापायचं आणि ती प्लेट दोन्ही बाजूने चिकटणाऱ्या टेपने लाकडी बोर्डावर लावायची, स्वस्त पडतं, फोटोत भारी दिसतं, पण उन्हात मांडवात टेबलावर ठेवली की टेप सुटतो. दुसरं म्हणजे लेझरने अ‍ॅक्रेलिकवर कोरतात, रंग नसतो, पांढुरकी अक्षरं दिसतात, साधं वाटतं, पण नख फिरवून बघा, खाच लागते. ते जात नाही. आमचे सहा कोरलेले घेतले आणि मुलांचे कप प्लेटवाले, आणि सांगायला हरकत नाही की बारापैकी दोन कपांच्या प्लेट कार्यक्रमाच्या आधीच हातात आल्या, फेविक्विक लावून चालवून घेतलं. शंभर रुपयांत तेवढंच होणार, मी स्टार नाही कापला त्याचा.

आता नावांचं. मालकांनी एक छापील कागद पुढे केला, त्यावर रकाने, पूर्ण नाव, काय म्हणून सत्कार, संस्थेचं नाव, तारीख. "पूरा नाम साफ-साफ लिखना दीदी, बाद में बोलोगे गलत छपा." मी पेन घेतलं आणि पहिल्या ओळीवर थांबले. ताई. ताईचं नाव काय? मी या कॉलनीत एकोणीस वर्षं राहते. ती निदान सात-आठ वर्षं येते, दिवाळीला मी तिला फराळ आणि साडी देते, तिची मुलगी नर्सिंगला आहे हे मला माहितीये, तिला कमरेचा त्रास आहे हे माहितीये. नाव नाही माहीत. ऑटोवाल्याचं नाव नाही, त्याला 'तो हिरव्या पडद्यावाला' म्हणतो. लाईनमनचा नंबर माझ्या फोनमधे 'लाईट' या नावाने सेव्ह आहे, खोटं नाही सांगत. मुक्तिधामवाल्या दादांचं तर विचारूच नका. चार लोकांना आम्ही सह्या करून हिरो ठरवलं होतं आणि चौघांपैकी एकाचंही पूर्ण नाव पंधरा जणांच्या कमिटीत कोणाला येत नव्हतं. कागद कोरा परत दिला, मालक काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले कल शाम तक दे देना, नहीं तो टाइम पे नहीं होगा. मला वाटतं त्यांच्याकडे असे कोरे कागद बरेच परत येत असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेटवर उभी राहिले. इंदूरमधे बाहेरून येणाऱ्यांना सांगायला लागतं, इथे कचऱ्याची गाडी यायच्या आधी झाडून झालेलं असतं, २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय (२०२३ चा नंबर सुरतबरोबर वाटून), तो पहिला नंबर म्हणजे प्रत्यक्षात पहाटे उठून ही माणसं. ताई आली, मी म्हटलं ताई तुमचं पूरा नाम काय? तिने झाडू थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"क्यों दीदी, शिकायत करनी है क्या?"

मला एकदम काही सुचेना. तिने लगेच पुढे सांगायला सुरुवात केली की परवा आली नव्हती ती दवाखान्यात गेली होती म्हणून, सुपरवायझरला सांगितलं होतं, बदली माणूस आला नसेल तर तिची चूक नाही. म्हणजे इतक्या वर्षांत तिचं पूर्ण नाव ज्याने ज्याने विचारलं त्याने तक्रार करायलाच विचारलं असणार. मी तिला सत्काराचं सांगितलं तर तिचा विश्वास बसायला दोन मिनिटं लागली. मग तिने जॅकेटच्या आतून गळ्यातलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं, बोलून नाही दाखवलं, म्हणाली यहाँ से देख के लिखो, सही लिखा है. मी फोटो काढून घेतला. कार्डावर नावापुढे 'बाई' होतं, ती म्हणाली वो मत लिखना, वो ऑफिसवालों ने लगा दिया. (नाव इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.)

जाता जाता मी म्हटलं मागच्या महिन्यात गोगानवमीच्या (गोगादेवांचा सण, सफाई कामगारांमधे मोठा) दुसऱ्या दिवशी तुम्हा लोकांना सुट्टी होती ना. त्या दिवशी सफाई मित्र घरी असतात आणि महापौर, नगरसेवक, रहिवासी लोक झाडू मारतात, मला ही पद्धत मनापासून आवडते, मी पण मारला होता, फोटो पण टाकला होता. ताई हसली, म्हणाली हां दीदी, अगले दिन आपकी वाली गली में हमको दो बार लगानी पड़ी.

ऑटोवाला सापडायला दोन दिवस गेले, स्टँडवर हिरवा पडदा विचारत फिरलो मी आणि भाचा. तो नाव सांगायला तयारच नव्हता. त्याला वाटलं अपघाताची केस उघडली. त्याला समजावलं की मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलंय, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर केस होत नाही आणि त्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती पण करता येत नाही. तो म्हणाला, "फिर आप क्यों पूछ रहे हो?" भाचा इतका हसला. बरोबरच होतं त्याचं, कायदा म्हणतो नाव नको सांगू आणि मोमेंटोवाला म्हणतो पूरा नाम साफ-साफ. शेवटी त्याने नाव दिलं, पण एका अटीवर, फोटो पेपरात नाही. आम्ही त्याला राहवीर योजनेचं पण सांगितलं, केंद्राची आहे, गंभीर अपघातातल्या माणसाला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवलं तर आधी पाच हजार मिळायचे, २०२५ पासून पंचवीस हजार केलेत, पोलीस किंवा दवाखान्याकडून माहिती जाते आणि जिल्ह्याची कमिटी ठरवते. त्याने ऐकलंच नव्हतं कधी. त्या मुलाला नेलं त्या दिवशी सीटला रक्त लागलं म्हणून त्याचा अर्धा दिवस धुण्यात गेला होता, एवढंच त्याने सांगितलं, आणि कव्हर बदलायला किती लागले ते विचारलं तर विषय बदलला.

तर नावं घेऊन परत दुकानात. इथे दुकानाची सगळ्यात चांगली गोष्ट आणि सगळ्यात वाईट गोष्ट एकाच माणसात आहे, कंप्युटरवर बसणारा पोरगा. चांगली गोष्ट आधी. त्याच्याकडे प्रत्येक सत्कारासाठी एक चित्र तयार असतं, शिक्षकाला पुस्तक, खेळाडूला बॅट, डॉक्टरला ते सापवालं, समाजसेवेला दोन हात. ताईला त्याने झाडू नाही लावला, राजवाडा लावला, स्वतःहून, म्हणाला झाडू तो उनके पास रोज रहता है. मुक्तिधामवाल्या दादांपाशी तो अडला, त्याने दिवा लावून बघितला, कमळ लावून बघितलं, हात जोडलेले लावून बघितले, मग सगळं काढून टाकलं आणि म्हणाला "दीदी कुछ मत लगाओ, बस नाम बड़ा कर देता हूँ." ते नाव इतकं छान दिसलं ना. खाली फक्त किती वर्षं काम करतात तेवढं.

आणि वाईट गोष्ट, ळ. माझी मंडळी, इंदूरमधे मराठी मजकूर छापायला देताना हे पाठ करून ठेवा. बरेच ऑपरेटर जुन्या हिंदी फॉन्टवर टाइप करतात, आणि हाताला ल ची सवय, तर मंडळ चं मंडल, टिळक चं टिलक, आणि 'ऱ्या' आला की तिथे काहीतरी भलतंच उगवतं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमधे पाठवलेलं होतं, त्याने ते कॉपी करून आपल्या फॉन्टमधे घेतलं, प्रूफ पाठवलं, मी प्रूफमधे दहा वेळा चारही नावं तपासली आणि मंडळाचं नाव तपासलं नाही. कोरून झाल्यावर बघितलं तर सहाच्या सहा मोमेंटोवर खाली आमचं 'मंडल', आणि 'सेवा देणाऱ्या' मधे ऱ्या च्या जागी एक चौकोनी डबा. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. आणि मुळात त्यांनी त्याच्याही एक दिवस आधी देतो म्हणून सांगितलेलं, तेव्हाच दिलं असतं तर एवढी पळापळ नसती झाली. मालकांना दाखवलं तर त्यांना आधी फरकच दिसेना, ल काय ळ काय, पण मी तोंड पाडून उभी होते ते बघून म्हणाले बैठो दीदी, रात में नए कर देंगे, पैसा नहीं लूँगा. आणि केले, सहाही. अ‍ॅक्रेलिकचं कोरलेलं पुसता येत नाही, नवेच करावे लागतात, म्हणजे नुकसान त्यांचं. मी अर्धे पैसे देऊ केले, घेतले नाहीत. प्रूफ मी ओके केलं होतं, ते भांडू शकले असते.

त्या रात्री वाट बघताना दोन तास दुकानात होते आणि मग त्यांचा मागचा रॅक बघितला. न नेलेल्यांचा रॅक. ऑर्डर दिली आणि कोणी घ्यायला आलं नाही, कार्यक्रम रद्द झाला, गेस्ट आला नाही, नेता बदलला. नावं कोरलेली, तारखा कोरलेल्या, धूळ. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात 'कोरोना योद्धा' ची मेडलं, पोतंभर. आठवतंय ना २०२०, २२ मार्चला टाळ्या-थाळ्या, मे मधे हवाई दलाच्या विमानांनी दवाखान्यांवर फुलं टाकली, ते ठीकच होतं, पण त्यानंतर जे सुरू झालं, कोणीही उठायचं आणि कोरोना योद्ध्याचं सर्टिफिकेट वाटायचं, नावाची जागा रिकामी ठेवून पीडीएफ ग्रुपवर यायचं, आपणच भरा आणि स्टेटसला लावा. माझ्या दिराकडे तीन आहेत, तो पूर्ण लॉकडाऊन घरात कॅरम खेळला. मालक म्हणाले तेव्हा इतकी ऑर्डर होती की माल कमी पडायचा, आणि आता प्लेट काढून उलटी करतो, मागची बाजू कोरी असते, त्यावर नवीन छापतो. मी हातात घेऊन बघितली, खरंच, एका शाळेच्या स्पोर्ट्स डे च्या मेडलमागे उलटा योद्धा होता. आमच्या मुक्तिधामवाल्या दादांना विचारलं होतं मी, त्यांना यातलं एकही मिळालेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमधे ते घरी जात नव्हते, तिथेच झोपायचे, हे त्यांनी सहज सांगितलं, चहा पिता पिता.

मानपत्र पण करतात इथे, वेलवेटच्या फोल्डरमधे, चारशेपासून. मजकूर तयार असतो, हिंदीत पाच-सहा नमुने, नाव तेवढं बदलायचं. मी वाचले, एकात एका माणसाला कर्मयोगी, तपोनिष्ठ, ऋषितुल्य, युगपुरुष हे चारही एका वाक्यात होतं. आम्ही मानपत्र नाही घेतलं. खाली उतरलं की राजवाड्यासमोर बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आणि मला दरवेळी माल्कमने (कंपनी सरकारचा अधिकारी, माळव्याबद्दल लिहिणारा) लिहून ठेवलेली ती गोष्ट आठवते, एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, बाईंनी सगळा शांतपणे ऐकून घेतला, म्हणाल्या मी एक दुबळी पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला, लिहिणाऱ्याकडे पुन्हा लक्ष दिलं नाही. आज त्यांच्या नावाने विमानतळ आहे, युनिव्हर्सिटी आहे, सरकारी पुरस्कार आहे, २०२५ ला तीनशेव्या जयंतीला तीनशे रुपयांचं नाणं निघालं. मला तर त्या लिहिणाऱ्याची पण दया येते थोडी, बाईंच्या राजधानीपर्यंत, महेश्वरपर्यंत चालत आला असेल बिचारा.

साडेदहाला माल मिळाला. तोपर्यंत सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याची लागली होती, भाच्याने भुट्ट्याचा कीस खाल्ल्याशिवाय अ‍ॅक्टिवा सुरू करायला नकार दिला. पॅकिंग चांगलं होतं, थर्माकोल कापून प्रत्येकाला वेगळा डबा, डब्यावर नावाची चिठ्ठी, स्टेजवर अदलाबदल होत नाही. ही चिठ्ठीची कल्पना मालकांची.

कार्यक्रमाचं थोडक्यात. पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले, सगळ्यांना सारखा मोमेंटो हे त्यांच्या लक्षात आलं की नाही देव जाणे, काही बोलले नाहीत. ऑटोवाला बायको-मुलांना घेऊन आला आणि ऑटो मांडवाच्या अगदी तोंडाशी लावला, तो हलवायला त्याला स्टेजवरून नावाने हाक मारावी लागली. मुक्तिधामवाले दादा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, त्या आजी, पहिल्या, अडलेल्या, त्याच उठून त्यांना पुढे घेऊन आल्या. ताईचं नाव माइकवर पूर्ण वाचलं तेव्हा बायकांमधे कुजबुज झाली, अगंबाई हे नाव आहे का हिचं. तिने मोमेंटो घेतला आणि सगळ्यात आधी काय केलं तर बोटाने आपलं नाव चाचपून बघितलं, मग खालचं 'मंडळ' वाचायचा प्रयत्न केला आणि ळ वर अडली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: गाडी राजवाड्यापर्यंत नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, लांब लावून चालत जा. चार दिवस आधी ऑर्डर द्या, दोन दिवस म्हणाले तर चार समजा. पक्कं बिल मागितलं तर देतात. प्रूफ फोनवर नका बघू, दुकानात मोठ्या स्क्रीनवर बघा, आणि ळ, ऱ्य, आणि अर्धचंद्र हे तिन्ही मोठ्याने वाचून घ्या. कोरलेलाच घ्या. आणि नावं आधी गोळा करून जा.

लाईनमन आले नाहीत. आधी फोनवर नाहीच म्हणाले होते, लाईट गेली की शिव्या देता, आली की नारळ कशाला, पगार मिळतो मला. अध्यक्ष काकांचा मुद्दा त्यांनी काकांपेक्षा नीट मांडला. मग खूप आग्रह केला तर येतो म्हणाले, आणि नेमका त्या संध्याकाळी पाऊस, पलीकडच्या कॉलनीत फीडर गेला, ते तिकडे. त्यांचा मोमेंटो डब्यासकट माझ्याकडे टीव्हीच्या बाजूला ठेवलाय, तीन आठवडे झाले, दोनदा फोन केला, "मॅडम, लाईन पर हूँ." फोनमधे त्यांचं नाव मात्र आता पूर्ण सेव्ह केलंय, तर काल लाईट गेली तेव्हा अंधारात 'लाईट' शोधत बसले आणि नंबरच सापडेना.